पेजेची साक्ष

फोंडा महालातील आमच्या देवस्थानची जत्रा आटोपली, की दुसऱ्या दिवशी सकाळी अग्रशाळेच्या ओट्यावर महाजनांची एक अनौपचारिक सभा भरते. हिशेबाच्या वह्या मिटलेल्या असतात, पाहुणे परतीच्या वाटेला लागलेले असतात, आणि बोलण्याला विषयाचे बंधन उरलेले नसते. गेल्या वर्षी या सभेत विषय निघाला तो पेजेचा. आमच्यातील सर्वांत वयोवृद्ध महाजन, ज्यांना सारा गाव तात्या म्हणतो, ते म्हणाले, ‘‘आपल्या पूर्वजांना जीवनसत्त्वे ठाऊक होती. म्हणून त्यांनी तांदूळ उकडला, पेज केली आणि शंभर वर्षे जगले. शास्त्रज्ञांनी त्यानंतर नवीन ते काय शोधले?’’ त्यांचा नातू बेळगावास डॉक्टरी करतो. तो हसून म्हणाला, ‘‘तात्या, पेज हे गरिबीचे अन्न. तांदूळ पुरत नसे म्हणून पाणी वाढवले, एवढेच. आणि शंभर वर्षे जगलेले कोण, त्यांची नावे तरी सांगा.’’ सभेत दोन तट पडले. अखेर तात्या माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘वकीलबाब, तुम्हीच न्याय करा.’’

पुरावा पाहिल्याखेरीज निकाल देण्याची माझ्या व्यवसायात रीत नाही. मी मुदत मागून घेतली. त्या मुदतीत जे वाचले व पडताळले, ते या लेखात मांडीत आहे. न्याय करणाराने आपला हितसंबंध प्रथम उघड करावा हा संकेत आहे. म्हणून सांगतो की दोन वर्षांपूर्वी माझ्या रक्तात साखर निघाली. माझ्या वडिलांनाही हाच विकार होता. रोज काय खावे हा प्रश्न तेव्हापासून माझ्यापुरता केवळ इतिहासाचा राहिलेला नाही. पेजेचा पक्ष खरा ठरावा असे मला मनातून वाटत होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवून पुढील विवेचन वाचावे.

प्रारंभ शब्दापासून करू. ‘पेज’ हा शब्द संस्कृत ‘पेया’पासून प्राकृतातून उतरला आहे, पिण्याजोगी ती पेया. आयुर्वेदाच्या ग्रंथांत तांदळाच्या शिजवणुकीचे प्रकार पातळपणाच्या क्रमाने दिलेले आढळतात: मंड म्हणजे नुसते वरचे पाणी, पेया म्हणजे थोड्या शितांसह पातळ, विलेपी म्हणजे दाट, आणि मग भात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दुसऱ्या अध्यायात निरनिराळ्या औषधी द्रव्यांनी सिद्ध केलेल्या अठ्ठावीस यवागूंची नोंद आहे, आणि वमनविरेचनादी शोधनानंतर रुग्णाला पेयेपासून क्रमाक्रमाने पूर्ण अन्नावर आणावे असा विधी त्याच स्थानात पुढे सांगितला आहे. आजारातून उठलेल्याला आमच्या आज्या प्रथम पेजेचे निवळ, मग पेज, मग आटवल आणि मग भात देत. ग्रंथाचे नावही न ऐकलेल्या घरांत ग्रंथातला क्रम चुलीपाशी चालत आलेला होता.

बौद्धांच्या विनयपिटकातील महावग्गात याहून ठळक उल्लेख आहे. अंधकविंद या गावी एका ब्राह्मणाने भिक्षुसंघाला यवागू देण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा बुद्धांनी तिचे दहा लाभ सांगितले अशी ती कथा आहे. आयुष्य, वर्ण, सुख, बल आणि प्रतिभा ही यवागू देणारा देतो. ती भूक व तहान शमवते, वात सरळ करते, बस्ती शुद्ध करते आणि अपक्व राहिलेले पचवते. या यादीत पहिले स्थान आयुष्याला आहे. म्हणजे पेज आणि दीर्घायुष्य यांचे नाते तात्यांनी जोडलेले नाही. ते दोन हजार वर्षांहून जुने आहे. मात्र यवागू ज्या तांदळाची होत असे तो उकडा होता की सुरय, याबद्दल त्या कथेत एक अक्षर नाही, आणि पुढील सारा वाद त्याच एका मुद्द्यावर फिरणारा आहे.

तिसरा साक्षीदार आपल्या गोमंतकातलाच आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहून येथल्या औषधींचा अभ्यास करीत होता. त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्या काळी गोव्यात पटकीचे भय मोठे होते. या रोगाला पोर्तुगीज जे नाव देत, ते आपल्या ‘मोडशी’ या शब्दाचाच अपभ्रंश होते. या रोग्याला येथील लोक मिरी व जिरे घातलेले तांदळाचे पाणी पाजतात व त्याला ‘कांजी’ म्हणतात, असे ओर्ताने नोंदवून ठेवले आहे. पोर्तुगालात आजही कोंबडी व तांदळाच्या सुपाला ‘कांजा’ म्हणतात. तो शब्द हिंदुस्थानातूनच तिकडे गेला असे कोशकार मानतात. या उपचाराला चारशे वर्षांनी शास्त्राचा दुजोरा मिळाला. पटकीत शरीरातील पाणी व क्षार ओसरून माणूस मरतो. क्षार आणि साखर घातलेले पाणी तोंडाने देऊन त्याला वाचवता येते, हे १९७१ च्या निर्वासित छावण्यांत सिद्ध झाले. पुढे १९८० नंतरच्या दशकात ढाक्यात साखरेऐवजी तांदळाचे पीठ वापरून प्रयोग झाले, आणि पटकीच्या रोग्यांत जुलाबाचे प्रमाण त्याने अधिक घटते असे दिसून आले. आजीच्या पेजेत मिठाची चिमूट असे, ती या दृष्टीने निरर्थक नव्हती.

परंतु ही सारी साक्ष आजाऱ्याच्या पेजेची झाली. निरोगी माणसाच्या रोजच्या पेजेचे काय? त्यासाठी तांदळाच्या दोन जातकुळी समजून घेतल्या पाहिजेत. भात मळणीनंतर वाळवून तसेच कांडले तर तो सुरय तांदूळ. तेच भात तुसासकट पाण्यात भिजवून, भाणात घालून, तूस उकलेपर्यंत वाफवून, मग अंगणात चटयांवर वाळवून कांडले तर तो उकडा. उकडा जाडाभरडा दिसतो, शिजायला वेळ घेतो, आणि त्याचा एक विशिष्ट वास असतो, जो सवय नसलेल्याला रुचत नाही आणि सवय असलेल्याला परगावी आठवत राहतो. गोव्यात सकाळी दहाच्या सुमारास शेतातून परतलेल्या माणसापुढे जी पेज येई, ती याच तांदळाची. सोबत खारातली तोर, भाजलेला पापड, कधी आदल्या दिवसाची आटवलेली आमटी, आणि ज्यांना चालते त्यांच्याकडे सुक्या मासळीची किस्मूर.

देवाच्या नैवेद्याला मात्र उकडा चालत नाही. तो एकदा शिजलेला, म्हणून त्याच्या अक्षता होत नाहीत आणि त्याचा नैवेद्यही होत नाही. देवाचा सुरय आणि माणसाचा उकडा ही वाटणी केवळ आपल्याकडची नव्हे. बंगाल्यापासून तामिळनाडूपर्यंत भात खाणाऱ्या हिंदूंच्या घरी ती आढळते. या वाटणीचा एक परिणाम असा झाला की सुरय प्रतिष्ठेचा ठरला. पाहुणा आला की सुरय शिजे, गड्याला उकडा वाढला जाई. पांढरेपणा म्हणजे शुद्धता आणि शुद्धता म्हणजे श्रेष्ठता, हे समीकरण मनात नकळत पक्के झाले. पुढे जी विपत्ती आली तिचे बीज काही अंशी या समीकरणात होते.

ती विपत्ती यंत्रावर बसून आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रह्मदेश, सयाम आणि इतरत्र वाफेवर चालणाऱ्या भातगिरण्या उभ्या राहिल्या. उखळात मुसळाने कांडताना तूस निघते, पण दाण्यावरचा तांबूस कोंडा व टोकाचा अंकुर यांचा बराचसा भाग शिल्लक राहतो. गिरणीने तो घासून साफ काढला. तांदूळ मोत्यासारखा पांढरा झाला, अधिक टिकू लागला, जहाजांतून दूरदूर जाऊ लागला आणि स्वस्तही झाला. त्याच सुमारास पूर्वेकडील बंदरे, तुरुंग, छावण्या, खाणी आणि जहाजे येथे एका रोगाने थैमान घातले. त्याचे नाव बेरीबेरी. प्रथम पाय जड होतात, मग बधिर होतात. माणूस उभा राहू शकत नाही. कोणाला सूज येते आणि हृदय थकून अकस्मात मृत्यू येतो.

जपानी आरमाराची एक नोंद पाहावी. १८८३ साली र्यूजो हे शिकाऊ नाविकांचे जहाज लांबच्या सफरीवरून परतले तेव्हा ३७६ माणसांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाली होती आणि २५ जण दगावले होते. ताकाकी कानेहिरो या आरमारी वैद्याने पुढच्याच वर्षी त्सुकुबा हे दुसरे जहाज त्याच मार्गाने पाठवले. फक्त आहार बदलला, भात कमी करून मांस, यव इत्यादी वाढवले. या वेळी रोग मोजक्यांनाच झाला आणि त्याने कोणी मेले नाही. ताकाकीचा तर्क असा होता की भातात नायट्रोजनयुक्त द्रव्य, म्हणजे प्रथिन, कमी पडते म्हणून हा रोग होतो. तर्क चुकीचा होता, उपाय मात्र बरोबर निघाला. हा भेद ध्यानात ठेवावा. निकालाच्या वेळी तो उपयोगी पडेल.

दुसरी नोंद जावा बेटातील बटाव्हियाची, म्हणजे आजच्या जकार्ताची. ख्रिस्तियान आइकमन हा डच वैद्य तेथील लष्करी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करीत होता. १८८९ साली त्याच्या कोंबड्या लुळ्या पडू लागल्या, आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशीत कळले की मधल्या काळात कोंबड्यांना इस्पितळाच्या स्वयंपाकघरातील उरलेला पांढरा भात घातला जात होता. मग नवा आचारी आला आणि लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना देणे त्याने नाकारले. नियमावर बोट ठेवणाऱ्या माणसाने जगाचे एवढे भले केल्याचे दुसरे उदाहरण मला माझ्या व्यवसायातही आढळलेले नाही. आइकमनने कोंडा घालून कोंबड्या बऱ्या करून दाखवल्या. परंतु भाताच्या पिष्टात काही विष असते व कोंड्यात त्याचा उतारा, असा त्याचाही समज झाला. त्याचा सहकारी खेरित ग्रेन्स याने १९०१ साली खरे कारण सांगितले: विष काही नाही, पांढऱ्या तांदळात एक आवश्यक द्रव्य नसते, आणि ते नसणे हाच रोग.

कोंबडीवरून माणसावर येण्यासाठी फोर्डरमान नावाच्या डच अधिकाऱ्याने जावा व मदुरा येथील १०१ तुरुंगांची पाहणी केली. तिचा अहवाल १८९७ साली प्रसिद्ध झाला. कैदी सुमारे पावणेतीन लाख. ज्या ५१ तुरुंगांत पांढरा तांदूळ दिला जाई त्यांपैकी ३६ तुरुंगांत बेरीबेरी होती. ज्या ३७ तुरुंगांत कोंडा राखलेला तांदूळ दिला जाई त्यांपैकी केवळ एकात. इमारत जुनी की नवी, हवा खेळती की कोंदट, गर्दी अधिक की कमी, हेही त्याने तपासले. त्याचा संबंध लागला नाही. फरक होता तो तांदळाचा.

येथवर उकड्या तांदळाचे नाव आले नाही. ते आले मलायात, आणि हिंदुस्थानी मजुरांच्या निमित्ताने. ब्रॅडन या इंग्रज वैद्याच्या लक्षात आले की खाणींत व मळ्यांत राबणारे चिनी मजूर बेरीबेरीने मरतात, पण त्यांच्याच शेजारी राहणाऱ्या तामिळ मजुरांना ती सहसा होत नाही. दोघेही परके, दोघेही गरीब, दोघेही भात खाणारे. चिनी लोक सयामचा पांढरा गिरणीचा तांदूळ खात. तामिळ लोक आपल्या देशातून आलेला उकडा तांदूळ खात. तोही गिरणीतच सडलेला असे. ब्रॅडनने १९०७ साली यावर ग्रंथच लिहिला. त्याच साली विल्यम फ्लेचरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. क्वालालंपूरच्या वेड्यांच्या इस्पितळातील रुग्णांना क्रमांक देऊन त्याने दोन गट पाडले. एकाला पांढरा तांदूळ, दुसऱ्याला उकडा. मध्यंतरी दोन्ही गटांच्या राहण्याच्या जागा बदलून पाहिल्या, म्हणजे दोष जागेचा असल्यास कळावा. पांढरा तांदूळ खाणाऱ्यांत रोग पसरला आणि त्यातील १८ जण मेले. उकडा खाणारे निरोगी राहिले. पाठोपाठ फ्रेझर व स्टँटन या दोघांनी जंगलात रस्ता बांधणाऱ्या जावानी मजुरांवर तोच पडताळा घेतला. तांदूळ बदलला की रोग एका गटातून दुसऱ्यात जाई.

या प्रयोगांविषयी वाचताना मनाला टोचणी लागते, हे नमूद केले पाहिजे. ज्यांच्यावर ते झाले त्या वेड्यांना आणि मजुरांना संमती विचारणारे कोणी नव्हते. उकड्या तांदळाच्या बाजूने आज आपण जो पुरावा पुढे करतो, तो अशा निराधारांच्या प्राणांनी तोललेला आहे. त्याचा उपयोग बढाईसाठी करू नये, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

त्या अज्ञात द्रव्याच्या शोधात कासिमिर फुंक याने १९१२ साली ‘व्हिटॅमिन’ हे नाव बनवले. यान्सन व डोनाथ यांनी १९२६ साली बटाव्हियातच तांदळाच्या कोंड्यातून ते स्फटिकरूपाने वेगळे केले, आणि १९३६ साली विल्यम्स याने ते प्रयोगशाळेत घडवले. त्यालाच आपण थायामिन किंवा ब-१ म्हणतो. १९२९ साली आइकमनला नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. उकडण्याचे रहस्यही उलगडले. थायामिन पाण्यात विरघळते. भात तुसासकट भिजून वाफवले जाते तेव्हा कोंड्यातील व अंकुरातील ते द्रव्य पाण्याबरोबर दाण्याच्या गाभ्यात उतरते, आणि पिष्ट शिजून घट्ट झाल्यामुळे तेथेच अडकून राहते. मग गिरणीने कोंडा घासून नेला तरी आत गेलेले सगळे तिच्या हाती लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रसिद्ध केलेल्या जुन्या तक्त्यांत शंभर ग्रॅम तांदळातील थायामिन असे दिले आहे: गिरणीचा सुरय ०.०६ मिलिग्रॅम, गिरणीचा उकडा ०.२१, हातसडीचा सुरय ०.२१ आणि हातसडीचा उकडा ०.२७. या चार आकड्यांत माझ्या मते सारा खटला सामावलेला आहे. देवाचा हातसडीचा सुरयही निर्दोषच होता. दोष सुरय तांदळाचा नव्हे. यंत्राने कोंडा घासून काढण्याचा.

आपल्या हैदराबादच्या वाचकांना हे ठाऊक असेल की ही संस्था मूळची निलगिरीतील कुन्नूरची. रॉबर्ट मॅक्कॅरिसन याने १९१८ साली तेथे एका खोलीत काम सुरू केले, आणि त्याच्या चौकशीचा आरंभीचा विषय बेरीबेरी हाच होता. आंध्राच्या किनारपट्टीवरील, ज्यांना इंग्रजी अमदानीत उत्तर सरकार म्हणत त्या जिल्ह्यांत, बेरीबेरी होती. तेथे गिरणीचा सुरय खाल्ला जाई. त्याच मद्रास इलाख्यात दक्षिणेला उकडा खाल्ला जाई आणि तेथे रोग क्वचित. मॅक्कॅरिसननंतर आलेल्या एक्रॉइड याने १९३७ साली हिंदुस्थानी अन्नपदार्थांचे पोषणमूल्य सांगणारी पुस्तिका काढली. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९४० साली तांदळाच्या प्रश्नावर जे लिहिले त्यात एका घरगुती गोष्टीवर बोट ठेवले होते: तांदूळ पुनःपुन्हा धुतल्याने आणि वेळलेल्या भाताचे पाणी फेकून दिल्याने उरलेसुरले जीवनसत्त्वही वाहून जाते. पेजेची थोरवी येथे आहे. पेजेत फेकण्यासारखे काही उरतच नाही. जे पाण्यात उतरले ते पाण्यासकट पोटात जाते. ही संस्था १९५८ साली हैदराबादला आली आणि १९६९ साली तिला आजचे नाव मिळाले.

येथवर तात्यांची बाजू भक्कम दिसते. आता उलटतपासणी.

पूर्वजांना जीवनसत्त्वे ठाऊक होती काय? नव्हती. त्यांनी भात उकडले त्याची कारणे अगदी व्यवहाराची होती. उकडल्याने तूस सैल होते, कांडायला सोपे जाते, दाणा मोडत नाही, कणी कमी पडते. दमट हवेत तो किडीपासून अधिक टिकतो. आणि त्या पेजेने पोटाला आधार राहतो असा शेतकऱ्याचा अनुभव होता. या कारणांत आयुष्याचा प्रश्न कोठेच नव्हता. आरोग्याचा लाभ अनपेक्षितपणे पदरात पडला. परंतु त्यात पूर्वजांचा अवमान मानण्याचे कारण नाही. ताकाकीचे कारण चुकले होते, आइकमनचेही चुकले होते. तरी त्यांचे निरीक्षण टिकले. परंपरेचेही असेच असते. ती पुष्कळदा बरोबर असते, पण का बरोबर आहे हे तिला सांगता येत नाही. आणि म्हणूनच ती कोठे चुकते हेही तिला स्वतःला कळत नाही. ते आपल्याला तपासावे लागते.

पूर्वज शंभर वर्षे जगले काय? १९४१ ते १९५१ या दशकात या देशात जन्मणाऱ्याचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. बालमृत्यूंमुळे ही सरासरी खाली ओढली जाते हे खरे. प्रत्येक गावात दोनचार नव्वदीचे वृद्ध असत हेही खरे. आपण आठवतो ते त्यांना; पाळण्यात गेलेल्यांना आठवणारे कोणी उरत नाही. जे वाचले त्यांच्याच साक्षीवर निकाल देणे हा न्याय नव्हे. आपले आयुष्य दुपटीहून अधिक वाढले त्याचे श्रेय देवीची लस, स्वच्छ पाणी, हिवतापाचे नियंत्रण व प्रतिजैविके यांना द्यावे लागेल. पेजेने माणसाला बेरीबेरीपासून राखले. देवी, पटकी आणि क्षय यांच्यापुढे तिचे काही चालले नाही. आणि डॉक्टरनातवाचे म्हणणेही अर्धे खरे आहे. भूमिहीन मजुराच्या थाळीत अनेकदा पेज आणि मीठ यापलीकडे काही नसे. तिच्यातल्या पाण्याचे प्रमाण हा त्याच्या दारिद्र्याचा हिशेब होता. त्या पेजेला आज आपण पौष्टिक म्हणून गौरवावे आणि त्या माणसाची भूक विसरावी, हे बरे नव्हे.

आता माझा स्वतःचा प्रश्न. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले: प्रौढांपैकी २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४. म्हणजे अग्रशाळेच्या ओट्यावर त्या सकाळी आम्ही वीस माणसे असू, तर त्यांतील पाचांचे रक्त गोड असावे असा हा हिशेब. याचा दोष एकट्या भातावर ढकलता येणार नाही. बैठे काम, वाढते वय, बेकरी, शीतपेये, मद्य, वंशपरंपरा असे अनेक आरोपी आहेत. परंतु भात निर्दोष सुटत नाही. एकवीस देशांतील १ लाख ३२ हजार लोकांच्या एका अभ्यासात, जो २०२० साली प्रसिद्ध झाला, असे दिसले की दक्षिण आशियात रोज ४५० ग्रॅमहून अधिक शिजलेला पांढरा भात खाणाऱ्यांना, १५० ग्रॅमहून कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत, मधुमेहाची जोखीम ६१ टक्के अधिक होती.

उकडा याहून बरा काय? काही प्रयोगांत उकड्याने साखर थोडी सावकाश चढते असे आढळले आहे. पण ते तांदळाच्या वाणावर आणि उकडण्याच्या रीतीवर अवलंबून असते. उलट तांदूळ जितका अधिक शिजून मऊ होतो तितका तो लवकर पचतो आणि साखर लवकर चढते. आजाऱ्याला पेज हितकर का, याचे उत्तर आणि मधुमेह्याने ती जपून का घ्यावी, याचेही उत्तर एकच आहे. माझ्या वैद्यांना मी आशेने विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘वकीलसाहेब, पेज घ्या, पण वाटी मोजून, सोबत कडधान्य घेऊन, आणि त्यानंतर खुर्चीत न बसता.’’ तीन अटींचा हा हुकूमनामा ऐकताना मला आमच्या आजीची आठवण झाली. ती पेज घेई ती पहाटेपासून चार तास राबून. तिच्या पानात कुळथाची पिठी किंवा अळसांद्याचे तोंडाक असे, परसातली भाजी असे, श्रावणात रानातले तायकिळे असे. पुढे आमच्या घरी पावासोबत चहा आला, पेज मागे पडली आणि शाळेत ‘पेजवाले’ हा शब्द हिणवण्यासाठी वापरला जाऊ लागला, तेव्हा आम्ही मुलांनी तिला सांगितले की पाहुण्यांसमोर तू पेज घेत जाऊ नकोस. ती काही बोलली नाही. स्वयंपाकघरात मागच्या दाराशी बसून घेऊ लागली. या खटल्यात माझ्या हातून घडलेला हा अपराध आहे, आणि त्याची नोंद करण्यासाठीच, खरे तर, हा लेख लिहावासा वाटला.

निकाल असा. पेज ही विश्वासार्ह साक्षीदार आहे, पण तिने जे पाहिले तेवढ्यापुरतीच. तिने आजाऱ्याला उठवले, पटकीत पाणी पुरवले आणि यंत्राने तांदूळ नागवला त्या काळात उकड्याच्या आधाराने लाखोंचे पाय लुळे पडू दिले नाहीत. ही साक्ष कोणत्याही न्यायासनापुढे टिकेल. मात्र सर्व रोगांवर ती उपाय आहे, पूर्वजांना सर्व ठाऊक होते, केवळ तिच्यामुळे माणूस शतायुषी होतो, असे तिच्या तोंडून वदवून घेऊ नये. खऱ्या साक्षीदाराला खोटे बोलायला लावले की त्याचे खरे बोलणेही बुडते, हा माझ्या वकिलीचा वीस वर्षांचा अनुभव आहे. घरापुरते पाहायचे तर: उकडा किंवा हातसडीचा तांदूळ घ्यावा, तो फार धुऊ नये, पाणी फेकू नये, वाटी लहान असावी, शेजारी कुळीथ, मूग, अळसांदे व भाजी यांना भातापेक्षा अधिक जागा द्यावी, आणि ज्यांना विकार जडला आहे त्यांनी आपल्या वैद्याला विचारूनच प्रमाण ठरवावे.

यंदाच्या जत्रेनंतर ओट्यावर हे सारे मी सांगितले. तात्या बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी नातवाला विचारले, ‘‘म्हणजे मी हरलो?’’ नातू म्हणाला, ‘‘नाही तात्या. अर्धे तुम्ही जिंकलात, अर्धे मी.’’ तात्या म्हणाले, ‘‘मग खर्च ज्याचा त्याने सोसावा,’’ आणि सर्वांच्या हसण्यात सभा उठली. जाता जाता मात्र त्यांनी कारभाऱ्यांना थांबवून एक सूचना केली: देवाचा नैवेद्य शास्त्राप्रमाणे सुरयचाच होऊ द्या, पण पुढल्या जत्रेत पहाटेपासून राबणाऱ्या सेवेकऱ्यांना दहा वाजता चहा-बिस्किटांऐवजी उकड्याची पेज आणि कुळथाची पिठी द्यावी, आणि ती मागच्या दाराशी नव्हे, चौकात सर्वांच्या पंक्तीत वाढावी. सूचना एकमताने संमत झाली. मी अनुमोदन दिले.